नांदीवरून नाटक कळतं का?

माझा मामेभाऊ अकरावीत आहे. गोरखीतल्या आमच्या जुन्या वाड्याच्या जिन्याखाली त्याची सायकल असते, आणि तिच्यावर घरातल्या कुणीही पिशवी अडकवलेली त्याला चालत नाही. मागच्या हिवाळ्यात एका स्पर्धेसाठी मुलं निवडायची होती. शहराबाहेरच्या सपाट बायपासवर १० किलोमीटर, एकेकाने एकट्याने, घड्याळ लावून. चौदा जणांत हा नववा आला. निवड करणाऱ्या गृहस्थांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, "बेटा, टाइम ट्रायल खोटं बोलत नाही. स्टेज रेस तुझं काम नाही."

घरी आल्यावर तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "ताई, तू एवढं वाचतेस, तर मला एवढंच सांग. पहिल्या दिवशी मागे पडला तो शेवटपर्यंत मागेच राहतो का?"

मला तेव्हा उत्तर माहीत नव्हतं. सायकल मी महाराज बाड्यापर्यंत भाजी आणायला वापरते, तेवढाच माझा या खेळाशी संबंध. पण प्रश्न मोजून पाहता येण्यासारखा होता. स्पर्धांचे निकाल कुठेतरी लिहून ठेवलेले असतातच. म्हणून मी वाचायला बसले, आणि जे हाती लागलं ते आपल्या मंडळाच्या वाचकांसमोरही ठेवते आहे. आपल्यापैकी बरेच जण पहिल्या चाचणीच्या गुणांवरून स्वतःबद्दल मत बनवून बसलेले असतात, त्यामुळे विषय अगदीच परका वाटू नये.

आधी शब्द स्पष्ट करून घेऊ. स्टेज रेस म्हणजे टप्प्यांची शर्यत. रोज एक टप्पा, आणि प्रत्येकाच्या रोजच्या वेळेची बेरीज. शेवटी ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजेता. फ्रान्समधली टूर द फ्रान्स ही त्यातली सर्वांत मोठी शर्यत, २१ टप्पे, सुमारे तीन आठवडे. एकूण वेळेत जो पुढे असेल त्याला तिथे पिवळी जर्सी मिळते. बहुतेक टप्प्यांत सगळे घोळक्याने जातात, आणि पुढच्याच्या आडोशाला राहिलं की वारा कमी लागतो, बरीच ताकद वाचते. टाइम ट्रायलमध्ये मात्र आडोसा नाही. एकेकाला ठरावीक अंतराने सोडतात, रस्ता तोच, समोर फक्त घड्याळ. शर्यतीच्या अगदी सुरुवातीला अशी छोटीशी, आठेक किलोमीटरच्या आतली टाइम ट्रायल ठेवली तर तिला प्रोलॉग म्हणतात. टूर द फ्रान्समध्ये ही प्रथा १९६७ साली सुरू झाली.

मराठीत मी त्याला नांदी म्हणेन. नाटक मंडळींना हे पटेल. नांदी सुरेल झाली की प्रेक्षक सावरून बसतो, पण तिसऱ्या अंकात नायक कसं काम करणार हे नांदीवरून कळत नाही.

आपल्याकडे टप्प्यांच्या शर्यतीची परंपरा नव्हती असंच म्हणावं लागेल. मराठी माणसाला ठाऊक होती ती मुंबई-पुणे सायकल शर्यत. ती एका दिवसाची. पण तिच्यात एक गोष्ट फार शहाणपणाची होती. बोरघाट चढून जो सर्वांत आधी वर पोचेल त्याला 'घाटाचा राजा' हा किताब वेगळा दिला जायचा. पुण्यात पहिला येणारा आणि घाट पहिला चढणारा हे एकच असतील असं आयोजकांनी गृहीत धरलं नव्हतं. आपला अर्धा विषय या एका बक्षिसात आलेला आहे.

मग जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या कॅलेंडरवर आलेली भारतातली ही पुरुषांची पहिली टप्प्यांची रोड रेस. पुणे जिल्ह्यात पाच दिवस, एकूण ४३७ किलोमीटर. १९ जानेवारीला शहरात साडेसात किलोमीटरचा प्रोलॉग आणि नंतर चार टप्पे. प्रोलॉग जिंकला ऑस्ट्रेलियाच्या फर्गस ब्राउनिंगने, आठ मिनिटांच्या आसपास वेळ देऊन. शर्यत जिंकली न्यूझीलंडच्या ल्यूक मडग्वेने. त्याने प्रोलॉगनंतरचे पहिले दोन्ही टप्पे जिंकून पिवळी जर्सी घेतली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. म्हणजे आपल्या घरच्या पहिल्याच मोठ्या शर्यतीत नांदी एकाची आणि भरतवाक्य दुसऱ्याचं.

पण एका उदाहरणावर निकाल द्यायचा नसतो, म्हणून मी टूर द फ्रान्सची जुनी वर्षं काढली.

पहिल्या दिवसाची टाइम ट्रायल जिंकणाऱ्यांत दोन अगदी वेगळी कुळं दिसतात. पहिलं कूळ महापुरुषांचं. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९७०, १९७२ आणि १९७४ मध्ये प्रोलॉग जिंकला, आणि तिन्ही वर्षी शर्यतही. फ्रान्सच्या बर्नार इनोने पाच प्रोलॉग जिंकले, १९८०, १९८१, १९८२, १९८४ आणि १९८५ मध्ये. त्यातल्या तीन वर्षी तोच विजेता. १९८० मध्ये गुडघ्याने दगा दिला आणि पिवळी जर्सी अंगावर असताना त्याने शर्यत सोडली. १९८४ मध्ये फिन्यों नावाच्या तरुणाने त्याला हरवलं. स्पेनच्या मिगेल इंदुराइनने १९९२ आणि १९९३ चे प्रोलॉग घेतले, दोन्ही वर्षी शर्यतही घेतली. बेरीज करा. दहा प्रोलॉग, आठ विजेतेपदं. इथेच थांबलं तर निवड करणारे ते गृहस्थ शंभर टक्के बरोबर ठरतात.

दुसरं कूळ निष्णातांचं. इंग्लंडचा क्रिस बोर्डमन, तीन प्रोलॉग. १९९४ मध्ये लील शहरात तो ताशी ५५ किलोमीटरहून जास्त वेगाने गेला. फ्रान्सचा थिएरी मारी, तीन. स्वित्झर्लंडचा फॅबियन कान्चेल्लारा, २००४ ते २०१२ या काळात पाच वेळा पहिल्या दिवसाचा विजेता, आणि सगळ्या वर्षांचे मिळून २९ दिवस पिवळ्या जर्सीत. एकदाही शर्यत न जिंकता इतके दिवस ती जर्सी घातलेला दुसरा कुणी नाही. या तिघांचे मिळून अकरा. विजेतेपदं? शून्य.

(लान्स आर्मस्ट्राँगची वर्षं मी मुद्दाम धरलेली नाहीत. त्याची सातही विजेतेपदं उत्तेजक द्रव्यांमुळे काढून घेण्यात आली. खोट्या दुधात कितीही साखर घातली तरी त्याचा खवा होत नाही.)

हे दोन्ही गट मी हाताने निवडलेले आहेत, ही काही पूर्ण मोजणी नाही, हे आधीच सांगून टाकते. पण मुद्दा त्यातून दिसतो. 'पहिल्या दिवशी पहिला' एवढंच माहीत असेल तर काहीच सांगता येत नाही. पहिला आला तो कोण आहे, हे विचारावं लागतं. इंदुराइन पहिला आला तर त्याचा एक अर्थ होतो, बोर्डमन आला तर दुसरा. आणि तो कोण आहे हे जर आधीच माहीत असेल, तर मग टाइम ट्रायलने आपल्याला नवीन काय सांगितलं?

असं का होतं, ते समजायला फ्रान्सला जायची गरज नाही. आपला किल्ला पुरे.

दोन सायकलपटू डोळ्यांसमोर आणा. एक थोराड, सायकलसकट ९० किलो. दुसरा किरकोळ, सायकलसकट ७० किलो. थोराड गडी सलग ४६० वॉट ताकद लावू शकतो, किरकोळ ४००. (वॉट तोच, जो आपल्या मिक्सरवर लिहिलेला असतो.) आकडे मी हिशेबासाठी घेतलेले आहेत, पण अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या बाबतीत अगदीच अवास्तव नाहीत.

सपाट रस्त्यावर या दोघांचं मुख्य भांडण हवेशी. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाला बहुतेक सगळी ताकद हवा कापण्यात जाते, वजनाला तिथे फारसं कुणी विचारत नाही. थोराड माणसाचा पुढचा आकार थोडा मोठा, समजा सात टक्क्यांनी. पण त्याची ताकद पंधरा टक्क्यांनी जास्त. म्हणजे फायदा त्याचाच, मात्र वाटतो तेवढा नाही. वेग दुप्पट करायचा तर हवेविरुद्धची ताकद आठपट लागते, त्यामुळे जास्तीची ताकद वेगात फार थोडी उतरते. गणित केलं तर आठ मिनिटांच्या प्रोलॉगमध्ये थोराड गडी साधारण अकरा सेकंदांनी पुढे येतो. प्रोलॉगमध्ये अकरा सेकंद म्हणजे पुष्कळ. मधे पंधरा-वीस नावं सहज बसतात.

आता याच दोघांना उरवाई गेटमधून किल्ल्यावर पाठवा. पायथ्यापासून वरपर्यंत धरा सुमारे १०० मीटर उंची. इथे हवा बाजूला राहते आणि गुरुत्वाकर्षण पुढे येतं. वजन गुणिले उंची, भागिले ताकद, एवढाच हिशेब. किरकोळ गड्याला साधारण १७१ सेकंद लागतात, थोराडाला १९२. वीस सेकंदांचा फरक! सपाटीवर आठ मिनिटं जिवाचं रान करून मिळवलेले अकरा सेकंद आपल्या एका चढणीने गिळले आणि वर नऊ मागितले.

आणि ही फक्त १०० मीटर उंची. आल्प्समधल्या आल्प दुएझच्या प्रसिद्ध घाटात २१ वळणं आहेत आणि चढ सुमारे ११०० मीटरचा आहे. तिथे हाच फरक साडेतीन मिनिटांच्या वर जातो. तीन आठवड्यांत असे कितीतरी घाट येतात. कान्चेल्लारा पाचदा पहिला येऊनही का जिंकला नाही, याचं उत्तर त्याच्या जिद्दीत शोधायचं कारणच नाही. वजनकाट्यावर ते लिहिलेलं आहे.

त्यात पुन्हा छोट्या प्रोलॉगमध्ये नशिबाचा वाटा मोठा. १९९५ मध्ये सां-ब्रिय शहरात संध्याकाळी प्रोलॉग होता. जॅकी द्युराँ लवकर सुटणाऱ्यांपैकी, त्याला कोरडा रस्ता मिळाला. नंतर पाऊस आला. बोर्डमन उशिरा सुटला, ओल्या उतारावर घसरला, घोटा मोडला आणि त्याची शर्यत पहिल्याच संध्याकाळी संपली. प्रोलॉगचा विजेता द्युराँ. शर्यतीचा विजेता, त्या वर्षीही, इंदुराइन. त्या दिवशी घड्याळाने जे मोजलं त्यात अर्धं हवामान खातं होतं.

इथपर्यंत वाचून भाऊ खूश झाला. मी त्याला म्हटलं, थांब, अजून दुसरी बाजू आहे.

ती बाजू म्हणजे लांब टाइम ट्रायल. १९९२ मध्ये शर्यतीच्या नवव्या टप्प्याला लक्झेंबर्गमध्ये ६५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. इंदुराइनने दुसऱ्या क्रमांकाला तीन मिनिटांनी मागे टाकलं, आणि तो दुसरा त्याच्याच संघातला. इटलीचा क्लाउदिओ क्याप्पुच्ची त्या एका दुपारी पाच मिनिटांहून जास्त वेळ हरला. नंतर त्याने आल्प्समध्ये सेस्त्रिएरेच्या टप्प्यावर दिवसभर पुढे राहून, शेवटी एकट्याने, असा विजय मिळवला की इटलीत अजून त्याच्या आठवणी काढतात. तरीही पॅरिसला तो दुसराच आला, ४ मिनिटं ३५ सेकंदांनी मागे. हा फरक बघा आणि लक्झेंबर्गचा फरक बघा. घाटांत त्याने जे काही मिळवलं त्याने लक्झेंबर्गचं कर्ज फिटलं नाही.

म्हणजे लांबी महत्त्वाची. आठ मिनिटांत सेकंद मिळतात, सव्वा तासात मिनिटं. सेकंद घाटात विरघळतात, मिनिटं विरघळत नाहीत. शिवाय एवढ्या लांब अंतरात नुसता हवेला चकवणारा माणूस टिकत नाही. तासभर एकाच ताकदीने पेडल मारणं हीच घाट चढण्यासाठीही लागणारी गोष्ट आहे, त्यामुळे परीक्षा पुढच्या अभ्यासक्रमाच्या जवळची होते.

तरीही भविष्य सांगणाऱ्याने किती जपून बोलावं, याचं मला सापडलेलं सर्वांत चांगलं उदाहरण १९८९ चं. हे मी दोनदा तपासलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही.

त्या वर्षी अमेरिकेचा ग्रेग लेमाँड आणि फ्रान्सचा लोराँ फिन्यों यांची झुंज होती. पाचव्या टप्प्याला दिनार ते रेन अशी ७३ किलोमीटरची टाइम ट्रायल झाली. लेमाँड जिंकला, फिन्यों ५६ सेकंदांनी मागे. नंतर घाटांमध्ये पिवळी जर्सी या दोघांत इकडून तिकडे फिरत राहिली. शेवटच्या दिवशी पुन्हा टाइम ट्रायल, व्हर्सायपासून पॅरिसपर्यंत साडेचोवीस किलोमीटर. सुटताना फिन्यों ५० सेकंदांनी पुढे.

आता आपण त्या सकाळी भाकीत करायला बसलो आहोत असं समजा. हातात रेनचा निकाल आहे. ७३ किलोमीटरला ५६ सेकंद, म्हणजे किलोमीटरला पाऊण सेकंदाच्या किंचित वर. साडेचोवीस किलोमीटरला होतात एकोणीस सेकंद. लेमाँड एकोणीस सेकंद मिळवेल, फिन्योंचे पन्नास आहेत, तेव्हा फिन्यों अर्ध्या मिनिटाने शर्यत जिंकेल. गणित अगदी स्वच्छ. पॅरिसमध्ये तेव्हा बहुतेकांनी हेच धरलं होतं.

लेमाँड २६ मिनिटं ५७ सेकंदांत पोचला. फिन्यों ५८ सेकंदांनी मागे. शर्यत लेमाँडने ८ सेकंदांनी जिंकली. टूर द फ्रान्सच्या इतिहासात याहून कमी फरकाने कुणी जिंकलेलं नाही.

कोण वेगवान, हे रेनने बरोबर सांगितलं होतं. किती वेगवान, हे सांगताना ते तिप्पट चुकलं. कारण रेनला धावलेला फिन्यों आणि पॅरिसला धावलेला फिन्यों एक नव्हते. मधल्या दिवसांत त्याला बैठकीच्या जागी गळू झालं होतं, खोगिरावर बसणंही नको वाटावं असं. लेमाँडने दोन्ही वेळेला नवे, पुढे झुकून कोपर टेकवायचे हँडल वापरले. फिन्यों शेवटच्या दिवशी उघड्या डोक्याने, केसांची शेंडी वाऱ्यावर सोडून गेला. टाइम ट्रायल त्या दिवसाचा माणूस मोजते. तीन आठवड्यांनंतरचा माणूस तोपर्यंत घडलेलाच नसतो.

त्याच वर्षी देल्गादोचीही एक गोष्ट घडली. स्पेनचा पेद्रो देल्गादो आदल्या वर्षीचा विजेता. लक्झेंबर्गमध्ये प्रोलॉगच्या वेळी तो गावात सराव करत भटकला आणि सुटण्याच्या जागी २ मिनिटं ४० सेकंद उशिरा आला. घड्याळ कुणासाठी थांबत नाही. पुढच्या सांघिक टाइम ट्रायलमध्ये त्याचा संघ शेवटचा आला आणि गतविजेता यादीच्या तळाशी गेला. तिथून चढत चढत तो शेवटी तिसरा आला, लेमाँडपेक्षा ३ मिनिटं ३४ सेकंदांनी मागे. तळापासून तिसरा, ही कमाल झाली. पण पहिला नाही. मला यातून असं वाटतं की सुरुवातीची टाइम ट्रायल 'कोण जिंकणार' हे सांगण्यात कच्ची आहे, पण 'कुणाला आता जड जाणार' हे बऱ्यापैकी सांगते. २०१७ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या पावसात आलेहान्द्रो वाल्वेर्दे पहिल्याच दिवशी घसरून पडला, गुडघ्याची वाटी फुटली. त्याच्याबाबत भाकिताची गरजच उरली नाही. त्या दिवशी जिंकला गेरेंट थॉमस, जो नवव्या टप्प्यात पडून बाहेर गेला. आणि सहावा आलेला क्रिस फ्रूम, १२ सेकंदांनी मागचा, तो शेवटी विजेता.

मग निकालपत्रक वाचायचं कसं? मला सुचलेली एक रीत सांगते. क्रमांकाचा रकाना झाकून टाका. घाटांत टिकतील अशी चार-पाच नावं निवडा आणि फक्त त्यांच्या आपसातल्या वेळा बघा. २०१५ मध्ये उत्रेख्तच्या टाइम ट्रायलला फ्रूम विजेत्यापेक्षा ५० सेकंदांनी मागे होता, पहिल्या तीसमध्येही नव्हता. क्रमांक बघणारा म्हणेल, गेला. पण त्याचा खरा प्रतिस्पर्धी, कोलंबियाचा नायरो किन्ताना, त्याच्याही मागे होता. शेवटी फ्रूम पहिला, किन्ताना दुसरा, फरक १ मिनिट १२ सेकंद. २०२५ मध्ये काँ शहरातली ३३ किलोमीटरची टाइम ट्रायल रेम्को एव्हेनेपूलने जिंकली आणि तो चौदाव्या टप्प्यावर शर्यत सोडून गेला. पण दुसऱ्या आलेल्या तादेय पोगाचारने त्या दिवशी विंगेगोवर मिनिटाभराहून जास्त आघाडी घेतली होती, आणि शेवटचा क्रम पोगाचार, विंगेगो असाच लागला.

ही रीतही दर वेळी चालत नाही. २०२२ मध्ये कोपनहेगनच्या पावसात पोगाचार विंगेगोपेक्षा ८ सेकंदांनी पुढे होता. पॅरिसला विंगेगो २ मिनिटं ४३ सेकंदांनी पुढे. आठ सेकंदांना आवाज नव्हता, आणि आपण उगाच कान लावून बसलो होतो.

आणखी एक खोच आहे, ती संख्याशास्त्र शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींना आवडेल. मोठ्या शर्यतीत उतरतात तेच मुळात गाळून घेतलेले असतात. टाइम ट्रायलमध्ये अगदीच ढ असलेला माणूस तिथे शर्यत जिंकायला येतच नाही. उरलेल्यांत फरक एवढे बारीक की त्यावरून भाकीत होत नाही. कॉलेजच्या गुणवत्ता यादीतल्या पहिल्या दहांची बारावीची टक्केवारी आणि पुढचं आयुष्य यांचा मेळ बसत नाही, म्हणून बारावीत काहीच कळत नाही असं कुणी म्हणू नये. पूर्ण वर्ग घेतला तर मेळ बसेलही. तेव्हा नवख्या मुलांच्या गटात १० किलोमीटरची चाचणी अगदी निरुपयोगी नाही. जो वीस मिनिटं श्वास टिकवू शकत नाही तो तिथे दिसतो. पण तिला नेमका तेवढाच प्रश्न विचारायला हवा.

भावाच्या बाबतीत आम्ही हेच केलं. चाचणीचा कागद त्याच्याकडे होता. पहिल्या आलेल्या मुलापेक्षा तो ४१ सेकंदांनी मागे. तो मुलगा अंगाने दांडगा, आमचा हा ५३ किलोचा. आदल्या रात्री त्याला ताप होता, हे त्याने तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं आणि मलाही आता सांगितलं. सायकल साधी, हँडल साधं. कागदावर एवढं सगळं ४१ या एका आकड्यात कोंबलेलं होतं, आणि त्यातलं किती त्याच्या पायांचं, किती तापाचं, किती हँडलचं, हे कागद सांगू शकत नव्हता.

मग एका रविवारी पहाटे, गाड्या सुरू व्हायच्या आत, आम्ही उरवाई गेटपाशी गेलो. मी घड्याळ घेऊन वर थांबले, जिथे चढण संपते तिथे. खाली मामा. फोनवर "सोडला" म्हणाले. चाचणीत पहिला आलेला तो दांडगा मुलगाही आला होता, भावानेच बोलावलं होतं त्याला. दोघांना दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडलं, तीन वेळा.

तिन्ही वेळा भाऊ आधी आला. फरक पहिल्या फेरीत १४ सेकंद, दुसऱ्या फेरीत १९, तिसऱ्या फेरीत फक्त ६. तिसऱ्या फेरीत तो दमला होता आणि दांडगा मुलगा दमला नव्हता. घरी येताना भाऊ त्या सहाबद्दलच बोलत होता. चौदा-एकोणीस त्याने सोडून दिले. "ताई, चौथ्या फेरीत त्याने मला गाठलं असतं," म्हणाला. आता तो रोज पहाटे चौथ्या फेरीचा सराव करतो, आणि आमच्या वाड्यात पाच वाजता जिन्याखालून सायकल काढल्याचा आवाज येतो.